मॅक्रोच्या खिडकीतील मजकूर यंत्राद्वारे वाचणेबाबत

चूक होणं आणि चुकीची नोंद होणं या दोन स्वतंत्र प्रशासकीय घटना आहेत, आणि सुज्ञ कार्यालय त्यांची गल्लत करत नाही. चूक कोणाकडूनही होते, तिला पात्रता लागत नाही. नोंद मात्र सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेनेच होते. त्यामुळे ज्या कार्यालयात चुका भरपूर आणि नोंदी शून्य असतात ते कार्यालय निर्दोष समजलं जातं, आणि ते बरोबरच आहे. प्रपत्र प्रमाणीकरण मंडळाचं आमचं नागपूर विभागीय कार्यालय सलग आठ वर्षं निर्दोष आहे.

मंडळाचं काम लोकांना फारसं ठाऊक नसतं. अर्जावर अर्जदाराची सही डावीकडे असावी की उजवीकडे, हे आम्ही ठरवतो. (सध्या उजवीकडे. डावीकडचा प्रस्ताव विचाराधीन आहे.) मी या कार्यालयात बडेबाबू आहे, म्हणजे हेडक्लार्क. एकतीस वर्षांच्या सेवेत माझ्या टेबलावरून एकही कागद अपूर्ण गेलेला नाही. काही गेलेच नाहीत, पण अपूर्ण गेला नाही.

आता अनुकंपेविषयी. कर्मचारी सेवेत असताना वारला तर त्याच्या घरातल्या एकाला नोकरी देण्याची तरतूद आहे. अनुकंपा वाटायची तर क्रम लागतो, क्रमासाठी यादी लागते, आणि यादीसाठी पूर्वी एक कारकून व सहा आठवडे लागत. २०१६ साली आमचा कंत्राटी संगणक चालक रोशन याने अर्जदारांची नोंदवही एक्सेलमध्ये घेतली आणि तिच्यातून यादी काढणारा मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे एक्सेलला एकदा शिकवून ठेवलेलं काम. बटण दाबलं की ते आपलं आपण करतं. सहा आठवड्यांचं काम चार सेकंदांवर आलं. वाचलेला वेळ कुठे गेला याची चौकशी अजून सुरू आहे.

रोशनने सवयीप्रमाणे मॅक्रोत आणखी एक सोय ठेवली होती. काम करता करता मॅक्रो आपण काय करतोय ते लिहीत जातो. हे लिखाण यादीत दिसत नाही. मॅक्रो जिथे लिहिला जातो तिथे जाऊन कंट्रोल आणि जी या दोन कळा दाबल्या की पडद्याच्या तळाशी एक खिडकी उघडते, त्यात ते ओळीने मांडलेलं असतं. काय जमलं, काय जमलं नाही आणि का जमलं नाही, इतक्या प्रांजळपणे आमच्या कार्यालयात दुसरं कोणीच लिहीत नाही. आठ वर्षांत ती खिडकी एकदाही उघडली गेली नाही, आणि म्हणूनच वर म्हटलेली निर्दोषता टिकून राहिली.

कळमेश्वरला आमचं गोदाम आहे. छापून झालेली पण रद्द ठरलेली प्रपत्रं तिथे ठेवतो, आणि ती चोरीला जाऊ नयेत म्हणून चौकीदार नेमतो. (आजवर एकही चोरी झालेली नाही, यावरून नेमणुकीचं महत्त्व कळावं.) देवाजी हे तिथले चौकीदार. २०१२ साली, निवृत्तीला अकरा महिने उरलेले असताना, ते ड्युटीवरच गेले. मागे पत्नी भीमाबाई आणि मुलगी मेघा. मेघाताईंनी दोन महिन्यांत अर्ज केला. तेव्हा त्या तेहतीस वर्षांच्या होत्या. नोंदवहीत त्यांचा क्रमांक तिसरा.

पहिले दोघे २०१७ ला लागले. पुढच्या भरतीत चौथा, पाचवी आणि सहावा लागले. हा सहावा म्हणजे अपूर्व. तो आता आमच्याच आवक टेबलावर बसतो. आपलं नाव यादीत का नाही, अशी विचारणा करणारा मेघाताईंचा अर्ज दरवर्षी फेब्रुवारीत येतो, त्यावर शिक्का अपूर्व मारतो. तो शिक्का सरळ मारतो, कोपऱ्यात, मजकुरावर न येऊ देता. काम शिकलेला माणूस आहे.

मेघाताई राहतात सक्करदऱ्याला आणि दोन बस बदलून कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला जातात. अर्ज द्यायला यायचं तर त्या दिवसाचा खाडा पडतो. आमचं उत्तर ठरलेलं असे: 'आपले नाव नोंदवहीत आहे. यादीत नाही. यादी संगणकातून येते.' या उत्तरात एकही असत्य विधान नाही. अनुकंपेला वयाची पंचेचाळीस वर्षांची मर्यादा आहे, आणि मेघाताई ९ सप्टेंबर २०२४ रोजी पंचेचाळीस पूर्ण करणार होत्या. हेही नोंदवहीत होतं.

२०२४ च्या फेब्रुवारीत त्या बाराव्यांदा आल्या. रोशन संगणक कक्षात रिकामा बसला होता. त्याने त्यांना आत बोलावलं, मलाही बोलावलं, आणि कोणाच्याही लेखी आदेशाशिवाय त्या दोन कळा दाबल्या. खिडकी उघडली. तिच्यात लिहिलं होतं : 'ओळ ३. जन्मतारखेच्या जागी तारीख नाही. ओळ वगळली.'

मेघाताईंनी पर्समधून चष्मा काढला आणि ती ओळ दोनदा वाचली. "म्हणजे माझं नाव काहून नाही येऊन राहिलं, हे याले माहीत हाय?"

"पहिल्या दिवसापासून माहीत हाय ताई," रोशन म्हणाला.

"मंग सांगत काहून नाही?"

"सांगूनच राहिलं नं. आपणच पाहून नाही राहिलो."

रोशनने तिसऱ्या ओळीतली जन्मतारखेची जागा उघडून दाखवली. तिथे होतं : '०९/०९/१९७९ (शाळा सोडल्याच्या मूळ दाखल्यानुसार, दाखला पाहिला, खात्री केली)'. मॅक्रोला नुसती तारीख हवी होती. कंस पाहून त्याने ही तारीख नाही असं ठरवलं आणि ओळ सोडून दिली.

ही नोंद मी केलेली होती. इतकी पूर्ण नोंद त्या नोंदवहीत दुसरी नाही. २०१६ मध्ये नोंद कशी करावी याचा नमुना म्हणून मी ती एक करून दाखवली होती. बाकीच्या सदुसष्ट नोंदी इतरांनी घाईघाईत केल्या, म्हणून त्या बरोबर झाल्या.

"कंसातलं काढलं का झालं," रोशन म्हणाला. "दोन मिनिटाचं काम हाय, बडेबाबू."

मेघाताई माझ्याकडे पाहत राहिल्या. बारा वर्षांत मी त्यांच्या चेहऱ्यावर आशा पाहिली नव्हती, त्या दिवशी पाहिली, आणि कार्यालयीन वेळेत असं काही समोर आलं की माणूस गोंधळतो. मी त्यांना नियम समजावून सांगितला. नोंदवही कुलूपबंद असते. नोंद बदलायची तर त्रुटी अहवाल लागतो. त्रुटी अहवालाला पुरावा लागतो. आणि डोळ्यांनी वाचलेली त्रुटी हा पुरावा नव्हे, ती ऐकीव माहिती झाली. फक्त कानांऐवजी डोळ्यांनी ऐकलेली. आज एकीसाठी खिडकी वाचली, उद्या दुसऱ्यासाठी वाचावी लागेल, परवा लोक स्वतःच वाचायला लागतील.

"मंग काय करायचं?" मेघाताईंनी विचारलं.

"समिती," मी म्हटलं.

समिती मार्चमध्ये बसली. अध्यक्ष आमचे अधीक्षक श्रीधरराव, सदस्य मी, आणि तिसरं सदस्यपद रिक्त. (समितीचं पहिलं निरीक्षण : रिक्त पदं भरण्यास विलंब होतो.) बैठका संगणक कक्षात होत, कारण कार्यालयातला चालू कूलर तिथे होता. श्रीधरराव हे प्रतापनगरातले, सरळमार्गी, सुसंस्कृत गृहस्थ. निर्णय घेण्याआधी ते चारी बाजूंनी विचार करतात, आणि चार बाजूंचा विचार झाला की पाचवी शोधतात. खिडकीतला मजकूर अधिकृतपणे बाहेर कसा आणावा, याचे चार मार्ग समितीपुढे आले.

(अ) रोशनने खिडकी वाचून कागदावर उतरवावी. अमान्य. रोशन कंत्राटी आहे. कंत्राटी माणसाने पाहिलेलं कायमस्वरूपी मानता येत नाही.

(आ) खिडकीचा मोबाइलवर फोटो काढावा. अमान्य. त्रुटी शासकीय आहे, मोबाइल खाजगी.

(इ) मॅक्रोने खिडकीत लिहिण्याऐवजी त्याच वहीतल्या वेगळ्या पानावर लिहावं. रोशनच्या म्हणण्याप्रमाणे यासाठी एक ओळ बदलावी लागते, आणि जगभर लोक असंच करतात. तत्त्वतः उत्तम, सबब अमान्य. मॅक्रोच्या मंजूर नमुन्यात 'खिडकी' असा उल्लेख आहे. तो बदलायला मुख्यालयाची परवानगी लागते. परवानगी मागवण्यात आली.

(ई) मॅक्रोनेच स्वतःची खिडकी वाचावी. मान्य.

"साहेब, त्याले तिथं लिहिता येते, वाचता येत नाही," रोशन म्हणाला. "तशी सोयच नाही त्याच्यात."

"स्वतः लिहिलेलं स्वतःला वाचता येत नाही, असं कसं?" श्रीधररावांनी विचारलं. मग त्यांनी समोरच्या इतिवृत्ताकडे पाहिलं आणि प्रश्न मागे घेतला.

रोशनने आठवडाभर खटपट करून एक युक्ती शोधली. मॅक्रोला खिडकी वाचता येत नसली तरी माणसासारख्या कळा दाबता येतात. आधी कंट्रोल-जी दाबून खिडकी उघडायची, मग सगळा मजकूर निवडायचा, उचलायचा आणि अहवालात चिकटवायचा. हात कोणाचा लागत नाही, डोळा कोणाचा पडत नाही. समितीला हे फार आवडलं. रोशनने एक धोका सांगून ठेवला : कळा आंधळ्या असतात. त्या क्षणी पडद्यावर सगळ्यात पुढे जी खिडकी असेल तिच्यातच त्या जाऊन पडतात. समितीने या सूचनेची नोंद घेतली, म्हणजे ती इतिवृत्तात लिहिली.

एप्रिलमध्ये श्रीधररावांच्या लक्षात आलं की मॅक्रोची भाषा कार्यालयीन नाही. 'ओळ वगळली' हे काय बोलणं झालं? ना विषय, ना संदर्भ. उद्या हे लेखापरीक्षणासमोर गेलं तर मंडळाची शोभा होईल, तीही प्रपत्र प्रमाणीकरण मंडळाची. मसुदा मी तयार केला. आता मॅक्रो प्रत्येक ओळीमागे असं लिहू लागला :

विषय : ओळ तपासणीबाबत.
संदर्भ : बटण दाबल्याची वेळ.
महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,
ओळ १ तपासली. त्रुटी आढळून आली नाही.
सबब माहितीस्तव सादर.
आपला विश्वासू,
मॅक्रो
सहपत्र : निरंक.

एका ओळीच्या नऊ झाल्या. वाचताना मन प्रसन्न होई, पण वाचायला मनाई होती.

पहिला प्रयोग १४ मे रोजी दुपारी झाला. बाहेर पंचेचाळीस अंश होतं आणि सगळं कार्यालय कूलरपुढे जमलं होतं. त्याच संगणकावर श्रीधरराव गेले काही दिवस एक खाजगी कागद तयार करत होते. त्यांचा मुलगा अर्णव लग्नाचा झाला आहे, त्याचा बायोडाटा. बटण दाबल्यानंतर मॅक्रो तीन सेकंद थांबतो. त्या तीन सेकंदांत, आपला कागद नीट बंद आहे ना याची खात्री करायला, श्रीधररावांनी तो उघडला.

कळा पडल्या. अहवाल तयार झाला. दिनांक आपोआप पडला, वेळ आपोआप पडली आणि जावक क्रमांक मी दिला.

"अरे, हे तर आमच्या अर्णवचं होय," श्रीधरराव हळूच म्हणाले.

मी त्यांना अडचण दाखवून दिली. हा मजकूर समितीने मान्य केलेल्या पद्धतीने, मानवी हस्तक्षेपाशिवाय बाहेर आला होता. तो चुकीचा आहे असं म्हटलं तर पद्धत चुकीची ठरते, आणि पद्धतीखाली त्यांची सही होती. शिवाय चुकीचा का, याचं कारण लिहायचं तर कार्यालयीन वेळेत कार्यालयीन संगणकावर काय उघडं होतं तेही लिहावं लागेल. श्रीधररावांनी कूलरकडे तोंड करून थोडा वेळ विचार केला. मग म्हणाले, "संबंधितांचे अभिप्राय मागवा."

प्रयोग ओळ ३ साठी होता, म्हणून मजकूरही ओळ ३ चा धरण्यात आला. नाव, जन्मतारीख आणि पालकांचा तपशील गोपनीयतेस्तव गाळून उरलेल्या पाच मुद्द्यांचं पत्र मेघाताईंना गेलं. उंची पाच फूट आठ इंच, दाखला जोडावा. रक्तगट ओ पॉझिटिव्ह, दाखला जोडावा. नाडी अंत्य व मंगळ सौम्य, पत्रिकेची साक्षांकित प्रत जोडावी. आवड ट्रेकिंग व जुनी गाणी, खुलासा करावा. अपेक्षा सुस्वरूप, नोकरी करणारी, शक्यतो नागपूर किंवा पुणे, याबाबत म्हणणं मांडावं. मुदत पंधरा दिवस.

तुम्हाला वाटेल, असं पत्र मिळाल्यावर माणूस ते फाडून फेकेल. ज्याच्याकडे फाडून फेकण्याची ऐपत असते तो फेकतो. मेघाताईंनी दोन खाडे करून मेडिकल कॉलेजच्या रांगेत उभं राहून दाखले आणले आणि तेराव्या दिवशी त्या माझ्या टेबलासमोर हजर झाल्या.

उंची पाच फूट एक इंच निघाली. सात इंचांची तफावत असल्याने स्वतंत्र खुलासा मागवावा लागला. रक्तगट मात्र ओ पॉझिटिव्हच निघाला. यामुळे समितीचा पद्धतीवरचा विश्वास वाढला.

"मंगळाचा दाखला कोण देते, तेवढं सांगा," मेघाताई म्हणाल्या. "आमच्यात पत्रिका नसते, बडेबाबू. छप्पन साली आजोबानं इथंच दीक्षा घेतली. तवापासून घरात कोणाची पत्रिका नाही काढली."

"पत्रिका नसल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग पत्रातल्या पाचव्या मुद्द्यावर बोट ठेवलं. "अन् हे काय होय? नोकरी करणारी पाहिजे म्हणते. मी नोकरीच तर मागून राहिली, बारा वर्षं झाले."

अपूर्वने पलीकडच्या टेबलावरून एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मी मेघाताईंना हेच म्हणणं लेखी द्यायला सांगितलं. त्यांनी दिलं. ते नस्तीत आहे, पृष्ठ चाळीस.

जून गेला, जुलै गेला. उंचीचा खुलासा आला ('माझी उंची लहानपणापासून एवढीच आहे'), प्रतिज्ञापत्र आलं. ट्रेकिंगबाबत त्यांनी लिहिलं होतं की कळमेश्वरची बस चुकली तर त्या पायी जातात. समितीने तो मुद्दा समाधानकारक मानून बंद केला. पाचापैकी चार मुद्दे निकाली निघाले. गेल्या दहा वर्षांतलं हे आमचं सर्वोत्तम प्रमाण आहे.

दुसरा प्रयोग १९ ऑगस्टला झाला. चार पदं भरायची होती आणि दुसऱ्या दिवशी यादी निघणार होती. या वेळी इतर सगळे कागद बंद केले होते आणि श्रीधरराव संगणकापासून बारा फुटांवर हात मागे बांधून उभे होते. कळा अचूक पडल्या. खिडकीतला मजकूर जसाच्या तसा अहवालात उतरला. आम्ही वाचू लागलो. 'मॅक्रो. सहपत्र : निरंक.' त्याखाली ओळ ४७, त्रुटी आढळून आली नाही. ओळ ४८, त्रुटी आढळून आली नाही. असं करत करत ओळ ६८ पर्यंत. आपला विश्वासू.

"बाकीच्या ओळी कुठे?" मी विचारलं.

"ह्या खिडकीत शेवटच्या दोनशेच ओळी राहते, बडेबाबू," रोशन म्हणाला. "अडुसष्ट नावं, एकेकाच्या नऊ ओळी, झाल्या सहाशे बारा. वरच्या वाहून गेल्या. तिसरी तर कधीचीच गेली. पहिले एक-एकच ओळ होती, तवा सगळ्या मावत होत्या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, कारण मसुदा मी लिहिला हे इतिवृत्तात होतं आणि इतिवृत्त कोणी वाचत नाही. श्रीधररावांनी घसा साफ केला. "अहवालात दिसत नाही, म्हणजे त्रुटी नाही," ते म्हणाले. "आणखी काय पाहिजे?"

'त्रुटी : शून्य' असा अहवाल त्याच दिवशी स्वाक्षरित झाला. त्रुटी नसल्याने नोंद बदलण्याचा प्रश्न उरला नाही. नोंद न बदलल्याने २० ऑगस्टला मॅक्रोने ओळ ३ पुन्हा वगळली, आणि वगळण्याचं कारण पुन्हा खिडकीत लिहिलं, सविनय, नऊ ओळींत. चौघांची नियुक्ती झाली.

२३ ऑगस्टला मेघाताई आल्या. या वेळी हातात अर्ज नव्हता. म्हणून अपूर्वला शिक्का मारता येईना आणि त्याला कुठे पाहावं ते कळेना. त्या सरळ माझ्याकडे आल्या.

"सतरा दिवस उरले, बडेबाबू," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "सतरा दिवसात दोन मिनिट नाही निघत का?"

मला वाईट वाटलं. इथे मुद्दाम नमूद करतो, कारण तेव्हा कुठेच नमूद करता आलं नाही; तसा रकाना आमच्या एकाही प्रपत्रात नाही, आणि प्रपत्रं आम्हीच बनवतो. नोंदवहीच्या कुलपाचा पासवर्ड मला पाठ होता. रोशन शेजारच्या खोलीत होता. मी उठलो असतो तर वीस पावलं होती. मी त्यांना म्हटलं, विशेष बाब म्हणून प्रस्ताव वर पाठवतो. आणि पाठवला. वर म्हणजे पहिल्या मजल्यावर. तो १२ सप्टेंबरला पोहोचला.

९ सप्टेंबरला मेघाताईंना पंचेचाळीस पूर्ण झाली. १० सप्टेंबरला त्यांचं नाव वयोमर्यादेमुळे नोंदवहीतून कमी झालं. आमच्या कार्यालयाच्या इतिहासात एका दिवसात झालेलं हे एकमेव काम. इथे एक शंका निघू शकते. मॅक्रोला जी तारीख तारीख वाटत नव्हती, तिच्यावरून वय कसं मोजलं? ते अपूर्वने मोजलं. त्याने नोंद उघडली आणि डोळ्यांनी वाचली. समाविष्ट करण्यासाठी डोळ्यांनी वाचलेलं चालत नाही. वगळण्यासाठी चालतं, नियमात तशी मनाई नाही. माझ्या कंसाचा या कामी फार उपयोग झाला. दाखला पाहिला, खात्री केली, असं लिहिलेलंच असल्यामुळे जन्मतारखेबद्दल वेगळी चौकशी करावी लागली नाही, नाहीतर त्यात दोन महिने सहज गेले असते.

पत्र टाइप करून झाल्यावर अपूर्व बराच वेळ प्रिंटरपाशी उभा होता. मी विचारलं तर म्हणाला, "काही नाही, बडेबाबू. कागद अडकून राहिला होता." कागद ट्रेमध्ये केव्हाचा येऊन पडलेला होता.

त्यानंतर नोंदवहीत सदुसष्ट ओळी राहिल्या आणि त्या सगळ्या निर्दोष आहेत. आता खिडकी कोणीही, कशाही पद्धतीने वाचली तरी त्रुटी सापडत नाही. ऑक्टोबरमध्ये मुख्यालयाची परवानगी आली. रोशनने ती एक ओळ बदलली. आता मॅक्रो खिडकीऐवजी वेगळ्या पानावर, आणि फक्त त्रुटी लिहितो, ते पान पटकन उघडतं, सगळ्यांना वाचता येतं आणि कोरं असतं. 'संगणकीय पारदर्शकता' या गटात मंडळाच्या सात विभागांत आमचा पहिला क्रमांक आला. प्रशस्तिपत्र कूलरच्या वरच्या भिंतीवर लावलं आहे. रोशनचं कंत्राट डिसेंबरमध्ये संपलं, आणि त्याच्या जागी यायला अजून कोणी नाही.

ही हकिकत मी आजवर अकरा जणांना सांगितली. सगळे सुशिक्षित, संवेदनशील, वाचणारे लोक. अकराही जण योग्य ठिकाणी हसले. सांगून झाल्यावर सात जणांनी विचारलं की तो मॅक्रो शेवटी दुरुस्त झाला का, आणि चौघांनी विचारलं की अर्णवचं जमलं का. तुमच्याही मनात यांपैकी एखादा प्रश्न असणार, म्हणून उत्तरं देऊन ठेवतो. मॅक्रो दुरुस्त झाला आहे. अर्णवचं जमलं आहे, मुलगी पुण्याची आहे.

तिसरा प्रश्न अजून कोणाकडूनही आलेला नाही. आल्यास त्याची रीतसर नोंद घेण्यात येईल.